पाच सर्व्हर आणि एकच रविवार

प्रश्न : आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. पाच सर्व्हर, सगळे सेंटॉस ७ या लिनक्सवर. तीन पीएचपीचे, एक टॉमकॅट (जावा ॲपसाठी), एक पोस्टग्रेस (डेटाबेस). आता यम अपडेट (पॅकेज अपडेट करायची कमांड) मारलं की मिररलिस्ट, म्हणजे डाउनलोड सर्व्हरची यादी, सापडत नाही म्हणून एरर येतो. साहेब म्हणतात रविवारी रात्री बसा आणि सगळे उबुंटूवर (दुसऱ्या लिनक्सवर) टाकून मोकळे व्हा. जमेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जमेल की, फक्त सोमवारी सकाळी फोन उचलायला साहेबांना बसवा.

सेंटॉस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला आणि तो मिररलिस्टचा पत्ताच बंद झाला, म्हणून तो एरर. जुनी पॅकेजं व्हॉल्टमध्ये (सेंटॉसच्या जुन्या साठ्यात) मिळतात, पण सिक्युरिटी पॅच येणार नाहीत, म्हणजे हलायला तर लागणारच. उबुंटू वाईट नाही हो, पण तिथं अपाचे वेबसर्व्हरच्या फोल्डरपासून युजरच्या नावापर्यंत सगळं वेगळं, फायरवॉल वेगळी, प्रोग्रामवर बंधनं घालणाऱ्या एसईलिनक्सच्या जागी ॲपआर्मर, एवढं सगळं एका रात्रीत कशाला अंगावर घेताय? मी अल्मालिनक्स ९ घेईन. सेंटॉसचंच रेड हॅट घराणं, अपडेट २०३२ पर्यंत. पण पीएचपी ५.४ वरून थेट ८ वर जाल, तेव्हा जुन्या कोडमध्ये एमक्रिप्ट आणि each() (ही दोन्ही पीएचपी ८ मध्ये नाहीत) कुठं कुठं आहे ते आधी ग्रेप मारून, म्हणजे फाइलींमध्ये शोधून, बघा.

चालू मशिनवरच अपग्रेड मारू नका. शेजारी नवीन व्हीएम (व्हर्च्युअल मशिन) उभं करा, सगळ्यात कमी वापराचा पीएचपी सर्व्हर आधी हलवा, डीएनएसचा टीटीएल (सर्व्हरचा जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणून ठेवा म्हणजे काही बिनसलं तर पटकन मागे येता येतं.

पोस्टग्रेस सगळ्यात शेवटी, आणि त्याचा डेटा फोल्डर आरसिंकने (फाइल कॉपी करायच्या कमांडने) उचलून नेऊ नका. व्हर्जन सेम असलं तरी नको. जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ मध्ये अक्षरांच्या क्रमाचे नियम बदलले, तुमच्याकडे आहे २.१७ आणि अल्मा ९ वर २.३४, त्यामुळं नावावरचा जुना इंडेक्स नव्या मशिनवर चुकीचा ठरू शकतो. सर्व्हर मस्त चालू होतो, एरर काही नाही, आणि काउंटरवरचा माणूस सांगतो की सभासद सर्चमध्ये येत नाही, रेकॉर्ड तर टेबलात तिथंच असतं. म्हणून पीजी-डंप (पोस्टग्रेसचा बॅकअप) काढून रिस्टोर करा, इंडेक्स नव्याने बनतात.

बाकी विसरल्या जातात अशा गोष्टी दोन. एक, देवनागरी फॉन्ट, माझ्या एका कामात सगळं झालं आणि पावतीच्या पीडीएफमध्ये नावाच्या जागी नुसते चौकोन. दुसरं टाइमझोन, क्लाउडचं नवीन मशिन बहुतेक वेळा यूटीसीवर असतं, मग रात्री साडेअकराचा क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) आपल्या पहाटे पाचला पळतो आणि दिवसअखेर दुसऱ्याच तारखेला पडते.

जुनी मशिनं बंद करून ठेवा, डिलीट मात्र महिनाअखेरचं व्याज पोस्टिंग नव्या सर्व्हरवर नीट झाल्यावरच.