नर्स ठेवताय किंवा नर्स म्हणून जाताय? रजिस्ट्रेशन आणि पोलिस व्हेरिफिकेशनचे तुमचे प्रश्न

प्रश्न (सांखळी): आईला पॅरालिसिस झालाय. एजन्सीवाले घरी नर्स पाठवतो म्हणतात, पोलिस व्हेरिफिकेशन झालंय म्हणे. तेवढं पुरे का?

नाही, अजिबात नाही. पोलिस बघतात तिच्यावर गुन्हा नोंद आहे का, तिला इंजेक्शन देता येतं का हे पोलिस कशाला बघतील? त्यासाठी नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. नर्सिंगचा कोर्स एएनएम असो, जीएनएम असो, बीएस्सी असो, नर्स म्हटलं की रजिस्ट्रेशन नंबर पाहिजेच, तो लिहून घ्या, सर्टिफिकेट कधीपर्यंत चालू आहे ते बघा आणि कौन्सिलकडे विचारून खात्री करा. नंबर नसला तर ती केअरटेकर. त्यात कमीपणा काही नाही हां, आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं हे पोटच्या लेकीसारखं करणाऱ्या बायका मी बघितल्यात, पण तिच्याकडून इंजेक्शन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी असलं काही करून घेऊ नका आणि नर्सचे पैसेही देऊ नका. आणि पोलिसांचा कागद खरंच हातात मागा, तारीख बघा, आधी जिथे काम केलं त्या घरी फोन करा. त्या एका फोनवर जे कळतं ते कुठल्याच कागदावर नसतं.

प्रश्न (बांदा): माझं रजिस्ट्रेशन महाराष्ट्राचं, नोकरी म्हापशाला मिळतेय. चालेल?

महाराष्ट्र कौन्सिलची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, घेऊन गोवा नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी करून घे. जॉइन झाल्यावर बघू असं करू नकोस, आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं कुणाकडे ठेवायला देऊ नकोस.

प्रश्न (मडगाव): मी जीएनएम, कुवेतला दोन वर्षं होते, आता पोर्तुगीज पासपोर्ट झालाय, यूकेला थेट जाता येईल ना?

युरोपियन युनियनच्या पासपोर्टवर थेट जायचा तो काळ ब्रेक्झिटमुळे 2020 च्या डिसेंबरात संपला गं, आता पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांनाही कामासाठी व्हिसा लागतो. आणि पासपोर्ट कुठलाही असो, नर्सिंग इथे शिकलीस तर तिथल्या एनएमसीची, म्हणजे यूकेच्या नर्सिंग कौन्सिलची, परीक्षा आणि नोंदणी चुकत नाही. नर्सना यूकेत कामासाठी मिळतो त्या हेल्थ अँड केअर व्हिसाला गेल्या 10 वर्षांत जिथे जिथे मिळून 12 महिने किंवा जास्त राहिलीस तिथलं पोलिस सर्टिफिकेट मागतात, म्हणजे इथलं झालंच, कुवेतचंही. ते आधी सुरू कर, परत आल्यावर तिकडचे कागद काढायला वेळ जातो. आणि मार्कशीटवर लग्नाआधीचं आडनाव आणि पासपोर्टवर लग्नानंतरचं, असं असेल तर दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट आणि लग्नाचा दाखला आत्ताच तयार ठेव.