वाचक विचारतात: घाटात तापणारी गाडी, आजीची कॅसेट आणि फुगलेला आयपॉड

एप्रिल-मे आला की गाडी गरम होण्याचे प्रश्न येतातच, यंदा त्यांच्यासोबत कपाटातले वॉकमन आणि आयपॉड पण आलेत. पहिल्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा दिलीये, कारण तिथे चुकीचा सल्ला ऐकला तर इंजिन जातं आणि वर हात भाजतात ते वेगळंच.

माझी पेट्रोल हॅचबॅक बारा वर्षं जुनी आहे. साताऱ्याकडे जाताना हायवेला टेंपरेचरचा काटा मध्यावर असतो, पण खंबाटकी चढताना ट्रॅफिक अडकलं की लगेच वर सरकतो. गॅरेजवाले म्हणतात थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडे त्याची गरजच नसते. कूलंट पण नको म्हणाले, साधं पाणी घाला, पुण्यात काय बर्फ पडतो का. काय करू?
– एक वाचक, धनकवडी

थर्मोस्टॅट अजिबात काढू देऊ नका. कारण सांगतो, पण त्याआधी तुम्ही लिहिलेली एक गोष्ट फार कामाची आहे, की हायवेला नॉर्मल आणि हळू चालताना गरम. हायवेला गाडीच्या वेगानेच रेडिएटरमधून भरपूर वारा जातो, तिथे फॅन चालला नाही तरी चालून जातं. घाटात फर्स्ट-सेकंडला रांगेत असताना इंजिनावर लोड पूर्ण आणि वारा शून्य, तेव्हा सगळं काम फॅनवर असतं. म्हणून पहिला संशय फॅनवर घ्यायचा. गाडी उभी असताना एसी लावा आणि बॉनेट उघडून बघा, बहुतेक गाड्यांमध्ये एसीबरोबर फॅन सुरू होतो. नाही झाला तर फ्यूज, रिले, फॅनची मोटर या क्रमाने बघायला सांगा. (हात लांब ठेवा, इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांचा फॅन आपोआप सुरू होतो.) उलट केस असती, म्हणजे हायवेला शंभरच्या स्पीडला काटा चढतोय आणि गावात बरा आहे, तर मी म्हणालो असतो की रेडिएटर आतून चोंदलाय नाहीतर वॉटर पंप कमजोर झालाय.

फॅन ठीक असेल तर रेडिएटरची जाळी बघा. त्याच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत धूळ, किडे, वाळलेली पानं असं सगळं गच्च बसलेलं असतं, समोरून बघितलं तर काही कळत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या पाइपने पाणी मारून धुवा. वॉशिंग सेंटरचा जोरदार प्रेशर जेट जवळून मारू नका, त्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या लगेच वाकतात आणि मग वाऱ्याची वाटच बंद होते.

आता थर्मोस्टॅट. आत मेणाची छोटी कुपी असते, साधारण ८२ ते ९० डिग्रीला मेण वितळून फुगतं आणि व्हॉल्व्ह उघडतो, तोपर्यंत पाणी इंजिनातच फिरतं म्हणजे इंजिन पटकन कामाच्या टेंपरेचरला येतं. काढून टाकला तर इंजिन बराच वेळ थंडच राहतं, ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, वाटतं की अजून सकाळचं स्टार्टिंगच चालू आहे आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमधली वाफ नीट उडून जात नाही, झीज वाढते. आणि काही इंजिनांमध्ये हाच थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करतो, तिथे तो काढला तर थोडं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं, म्हणजे ज्यासाठी काढला तोच त्रास वाढतो. थर्मोस्टॅट खरंच अडकलाय का ते घरीच कळतं. काढून गॅसवरच्या पातेल्यात पाण्यात सोडायचा, सोबत थर्मामीटर, आणि उघडतोय का बघायचं. अडकला असेल तर नवीन बसवा, तो काही महागाचा पार्ट नाही. नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात जाताना जुना सोबत न्या, त्याच्यावर टेंपरेचर छापलेलं असतं, तेवढ्याचाच घ्या.

कूलंटचं म्हणाल तर पुण्यात बर्फ पडत नाही हे खरंच आहे, पण कूलंट आपण बर्फासाठी टाकतच नाही. त्यात गंज रोखणारी रसायनं असतात आणि आजच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं, त्याला ती लागतातच. बोअरचं पाणी घातलं तर त्यातला क्षार सगळ्यात गरम जागीच आधी साचतो, म्हणजे नेमका सिलिंडरच्या भोवती, गीझरच्या कॉइलवर तुम्ही पाहिला असेल तोच पांढरा थर. दुसरं म्हणजे उकळायचं टेंपरेचर. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे साधं पाणी ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण चांगलं असलं तर ते साधारण १२५ डिग्रीपर्यंत उकळत नाही. इथे झाकणाचं काम लक्षात घ्या, ते कुकरच्या शिट्टीसारखं आत जवळपास एक बारचा जास्तीचा दाब धरून ठेवतं. त्याची स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर चिरलं की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर येतं. मग लोक रेडिएटर बदलतात, पंप बदलतात आणि झाकण तेच जुनं ठेवतात. तुमचं झाकण बारा वर्षांचं असेल तर आधी ते बदला. कूलंटच्या रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल हा काही ठरलेला नियम नाही, गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्या आणि दोन प्रकार मिसळू नका. खाली सांडलं तर लगेच धुवून टाका, ते चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना त्याने जीवघेणी विषबाधा होते.

आणि घाटात काटा चढायला लागला तर: एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुल, काचा खाली. उन्हाळ्यात नको वाटेल पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच असतो, तेवढीच उष्णता इंजिनातून बाहेर जाते. तरी काटा लालमध्ये गेला तर जागा बघून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. अजून एक किलोमीटर, घाटमाथा आलाच, असं करून रेटू नका, त्या एका किलोमीटरमध्ये हेड वाकतं आणि गॅस्केट जातं, मग हजारांचं काम लाखाच्या घरात जाऊ शकतं. गरम असताना झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, फडकं धरून पण नाही. दाब गेला की आतलं पाणी एका क्षणात वाफ होऊन थेट तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होस पाइप दाबून बघा, मऊ आणि हाताला सोसवेल एवढा झाला की मगच उघडा. गरम इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो.

नवीन गाडीत टेंपरेचरचा काटाच नाहीये. सकाळी निळा दिवा लागतो, थोड्या वेळाने जातो. बिघाड आहे का?
– एक वाचक, हडपसर

नाही. निळा म्हणजे इंजिन अजून थंड आहे. उभ्या जागी दहा मिनिटं गाडी चालू ठेवायची गरज नाही, लगेच निघा, फक्त दिवा जाईपर्यंत ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका. तोच दिवा लाल झाला तर वर घाटाचं जे लिहिलंय ते सगळं करा. आणि दिवा वीस-पंचवीस मिनिटं झाली तरी जात नसेल तर थर्मोस्टॅट बहुतेक उघड्या स्थितीतच अडकलाय, दाखवून घ्या.

माझ्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या त्याची एक कॅसेट आहे, मामांनी घरच्या टेपवर रेकॉर्ड केलेली. आता आजी नाही. वडिलांचा जुना वॉकमन काढला, सेल टाकले, पण आवाज एकदम जाड आणि लडबडत येतो. कॅसेट खराब झाली का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

तुमचा प्रश्न वाचून सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटलं की ती कॅसेट त्या वॉकमनमधून लगेच बाहेर काढा आणि पुन्हा लावू नका, वॉकमन दुरुस्त होईपर्यंत. कॅसेट बहुतेक चांगली आहे, बिघाड वॉकमनमध्ये असणार. पहिला वॉकमन १९७९ मध्ये जपानमध्ये आला आणि त्यानंतरच्या बहुतेक मॉडेल्समध्ये मोटरपासून चाकापर्यंत एक बारीक रबरी बेल्ट असतो. टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या एकाच वेगाने सरकायला हवी, बेल्ट सैल झाला की वेग कमी होतो आणि आवाज जाड येतो, घसरत असला की लडबडतो. इतक्या वर्षांत रबर ताणलं जातं नाहीतर सरळ वितळून डांबरासारखं होतं. मागचं झाकण उघडून बघा. काळा चिकट पदार्थ पुलीला लागलेला दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातल्या काडीने पूर्ण निघेपर्यंत पुसा, बोटांना लागला तर दोन-तीन दिवस जात नाही, ग्लोव्हज घाला.

नवीन बेल्ट तापकीर गल्लीत मिळून जाईल, ऑनलाइन पण मिळतात. जुना बेल्ट मोजून त्याच मापाचा आणू नका, तो ताणलेला असतो. पुल्यांभोवती दोरा फिरवून माप घ्या आणि त्याहून जरासा लहान घ्या. वेगाचा स्क्रू बेल्ट बदलेपर्यंत फिरवू नका. मग हेड (टेप ज्याला घासून आवाज वाचला जातो तो भाग) आणि रबरी चाक अल्कोहोलने पुसा आणि आधी एखादी नको असलेली कॅसेट पूर्ण वाजवून बघा, टेप गुंडाळली जात नाही याची खात्री झाली की मगच ओव्यांची लावा.

ती लावायच्या आधी कॅसेटच्या खिडकीतून उजेडात धरून टेप बघा. पांढुरके ठिपके किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात लागते, तशीच वाजवली तर हेडला पसरते आणि दुसऱ्या कॅसेटला पण लागते. अशी कॅसेट टेपचं काम करणाऱ्या माणसाकडेच द्या. स्वच्छ असेल तर वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे कान मोडून टाका, म्हणजे चुकून कोणी त्यावर रेकॉर्ड करू शकणार नाही. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं पडून टेपचे थर एकमेकांना चिकटलेले असतात.

मग पहिल्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवा, नुसती ऐकत बसू नका, मन होईल तरी. वॉकमनच्या इअरफोनच्या सॉकेटपासून कॉम्प्युटरच्या लाइन-इनपर्यंत ३.५ एमएमची वायर, आवाज मध्यावर, आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, वेव्ह फाइल ठेवा, साठ मिनिटांचे सहाशे एमबीपेक्षा थोडे जास्त होतात. एमपीथ्री नंतर घरच्यांना पाठवायला करा, मूळ फाइल तीच ठेवा, कारण एमपीथ्रीमध्ये कानाला ऐकू येणार नाहीत असे वाटणारे भाग काढून टाकलेले असतात आणि ते परत येत नाहीत.

अजून एक. मामांनी दुसऱ्या टेपवर रेकॉर्ड केलंय, त्याच्या हेडचा कोन तुमच्या वॉकमनपेक्षा किंचित वेगळा असू शकतो, तसं असलं तर आवाज दबलेला येतो. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो कॅसेट चालू असताना अगदी जरा-जरा फिरवायचा आणि आजीच्या ओवीतला स आणि श ऐकायचा, जिथे तो सगळ्यात स्पष्ट येतो तिथे थांबायचं. फाइलच्या नावात आजीचं नाव, गाव आणि वर्ष लिहा, आणि कॉपी दोन वेगळ्या घरांमध्ये ठेवा.

ड्रॉवरमध्ये जुना आयपॉड सापडला. मागचं कव्हर वर आलंय, स्क्रीन पण थोडी उचललीये. गाणी हवी आहेत. चार्ज करून बघू का?
– एक वाचक, वाकड

नको, अजिबात नको. आतली लिथियम बॅटरी फुगलीये, आत गॅस झालाय. चार्ज करू नका, दाबून कव्हर बसवू नका, टोचू तर नकाच, आग लागू शकते. फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवा, लाकडाच्या ड्रॉवरमध्ये कपड्यांखाली नको, आणि बंद गाडीत ठेवून तर कुठेच नेऊ नका. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड एप्रिलमध्ये ६० डिग्रीच्या सहज वर जातो. बॅटरीचं काम येणाऱ्या मोबाइल रिपेअरवाल्याकडून ती काढून घ्या, नवीन बसली की गाणी बहुतेक जशीच्या तशी असतात. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्या. पहिला आयपॉड २००१ मध्ये आला आणि २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बनवणं बंद केलं, त्यामुळे गाणी निघाली की लगेच दुसरीकडे कॉपी करा. यापुढे कुठलंही असं यंत्र कपाटात ठेवताना निम्मं चार्ज करून ठेवायचं आणि काही महिन्यांनी परत बघायचं, पूर्ण रिकामं ठेवलं की बॅटरी मरते.

मुलगा रोज पीएमपीच्या बसने निगडीहून कॉलेजला जातो, पूर्ण वेळ कानात इअरफोन. बाजूला बसलं तरी गाणं ऐकू येतं. किती आवाज चालतो?
– एक आई, निगडी

बाजूला ऐकू येतंय म्हणजे नक्की जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास धरते, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ८३ ला वीस तास आणि ९० ला फक्त चारच तास. मुलगा मुद्दाम मोठा आवाज ठेवत नसणार, बसच्या इंजिनाचा आणि हॉर्नचाच आवाज इतका असतो की त्याच्या वर गाणं चढवावं लागतं. म्हणून त्याला ओरडण्यापेक्षा कानात घट्ट बसणारे सिलिकॉनच्या टोप्यांचे इअरफोन द्या, किंवा जमत असेल तर नॉइज कॅन्सलिंगवाले, बाहेरचा आवाज कमी झाला की तो स्वतःच व्हॉल्यूम खाली आणेल. फोनच्या सेटिंगमध्ये जास्तीत जास्त आवाजाची मर्यादा घालता येते, ती त्याच्याशी बोलून घाला. रस्ता ओलांडताना आणि टू-व्हीलरवर मात्र कानात काहीच नको. रात्री झोपताना कानात शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येते का ते त्याला विचारा, येत असेल तर थांबू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या.