इंग्लंडला जाऊ का? मिरजेच्या एका फिजिओला उत्तर

तुझा प्रश्न रविवारी वाचला, तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. मिरजेत राहतेस, ऑर्थोच्या पेशंटना फिजिओ देतेस, पायाच्या आणि घोट्याच्या दुखापतींवर संशोधन करायचंय, इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलाकडून बोलावणं आलंय, मुलगा सहा वर्षांचा आहे, आणि 'जाऊ का?' एवढंच विचारलंयस. मी सांगलीची. 2014 मध्ये हेच सगळं घेऊन निघाले होते, मुलगी तेव्हा सहाचीच होती. वयानं लहान आहेस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

व्हिसा, रजिस्ट्रेशनची फी, पगाराचे बँड हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि दर वर्षी बदलतं. ते तिथंच बघ. मी तिथे नसलेलं सांगते.

आधी तुझं नाव. हसू नकोस, माझे पाच महिने यात गेले. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. तिकडच्या फॉर्मला रकाने दोनच, पहिलं नाव आणि शेवटचं. माझ्या मार्कशीटवर शेवटी वडिलांचं नाव होतं, तेव्हा तिथल्या कुणीतरी तेच आडनाव धरलं. मार्कशीटवरची मी, पासपोर्टवरची मी आणि अर्जातली मी अशा तीन वेगवेगळ्या बायका झाल्या. लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, सगळं आजच गोळा करून ठेव, आणि प्रत्येक कागदावर एकच स्पेलिंग आहे का ते स्वतः बस आणि बघ. एजंटवर सोडू नकोस.

दुसरं म्हणजे कॉलेजनं भरून द्यायचा फॉर्म. कुठला विषय किती तास शिकवला, क्लिनिकल पोस्टिंग किती, हे सगळं सहीशिक्क्यानिशी. माझ्या कॉलेजात तोवर प्राचार्य बदलले होते, जुना अभ्यासक्रम कुणाला सापडत नव्हता. मी तेव्हा पुण्याला नोकरीत होते, म्हणून बाबा जायचे. स्कूटरवरून सात खेपा घातल्या त्यांनी. साहेब रजेवर आहेत, शिक्का कपाटात आहे, कपाटाची किल्ली साहेबांकडे आहे. ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर ते डबा खायचे. आणि मी संध्याकाळी फोन करून पहिलं काय विचारायचे, तर 'झालं का?' जेवलात का, असं विचारल्याचं मला एकदाही आठवत नाही. बाबा आता नाहीत. म्हणून म्हणते, हे काम तू मिरजेत आहेस तोवर स्वतः उरकून घे, म्हाताऱ्या माणसांवर टाकू नकोस.

आता कामाबद्दल. इथे कुणाच्याही पुढ्यात मी ठाम बोलेन, काम उत्तम आहे. आपल्याकडे फिजिओ म्हणजे शेक देणारी बाई. तिकडे फिजिओला स्वतःचा प्रश्न मांडता येतो, त्यासाठी पैसे मागता येतात. 2021 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात घोट्याच्या फ्रॅक्चरवरचा एक मोठा अभ्यास आला. 669 पेशंट होते, प्लास्टर बरं की काढता-घालता येणारा बूट बरा, हा प्रश्न होता आणि सोळा आठवड्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्याचं नेतृत्व रिबेका कर्नी यांचं, आणि त्या फिजिओच. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हटलं, बघ.

तिकडे मी काय शिकले असेन तर पेशंटच्या डोळ्यांत बघून 'आम्हाला माहीत नाही' म्हणायला. इकडे मला तसं बोलायला कधी जमलंच नसतं. ट्रायलमध्ये, म्हणजे दोन उपायांची तुलना करणाऱ्या अशा अभ्यासात, पेशंटला सांगावं लागतं की या दोन उपायांतला कुठला बरा हे आज कुणालाच ठाऊक नाही, तुम्हाला कुठला मिळेल ते कॉम्प्युटर ठरवेल, आणि नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही कमी पडणार नाही. पहिल्या महिन्यात माझा आवाज कापायचा. मग दिसायला लागलं की असं प्रामाणिकपणे विचारल्यामुळेच गोष्टी कळतात. साठीच्या पुढच्या माणसांचे घोटे मोडले तर प्लेट घालायची की अंगाबरोबर बसणारं, कमी कापसाचं प्लास्टर नीट भूल देऊन घालायचं, यावर 620 जणांचा ब्रिटिश अभ्यास 2016 मध्ये आला. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच चालत होते. ऑपरेशनवाल्यांत जखमेचे आणि जंतुसंसर्गाचे त्रास 10 टक्के, प्लास्टरवाल्यांत 1 टक्का. उलट प्लास्टरवाल्यांत हाड वाकडं जुळण्याचं प्रमाण 15 टक्के, ऑपरेशनवाल्यांत 3. शिवाय प्लास्टरवाल्यांतल्या जवळजवळ पाचातल्या एकाला पुढे ऑपरेशन लागलंच. म्हणजे उत्तर सरळ नाही, पण बोलण्याला आधार आहे. 2020 मध्ये टाचेच्या वरची ॲकिलिसची दोरी तुटलेल्या 540 जणांचा अभ्यास आला. ऑपरेशन न करता उपचार घेणाऱ्यांना आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये ठेवण्याऐवजी बूट घालून लवकर चालवलं तरी चालतं, हे त्यातून कळलं. ज्या माणसाचं हातावर पोट आहे त्याला याचा अर्थ काय, हे तुला मी सांगायला नको.

एक सावधगिरी. बोलावण्याचं पत्र पुन्हा वाच आणि नोकरी किती महिन्यांची आहे ते बघ. संशोधनातली नोकरी अभ्यासाच्या निधीवर चालते. निधी संपला की नोकरी संपते आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. माझा पहिला करार मार्चमध्ये संपला, पुढच्या अभ्यासाचं काम जूनमध्ये सुरू होणार होतं. मधले तीन महिने वॉर्डात साधी फिजिओ म्हणून काढले, आणि रात्री झोप लागायची नाही. तो काळ मुलाला कळू देऊ नकोस. माझ्या मुलीला कळला होता.

मुलाच्या शाळेबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, 'तिकडे शाळा फुकट असते ना?' असते. आम्ही पोचलो ऑक्टोबरात, वर्ष सुरू झालेलं सप्टेंबरात. घराजवळच्या शाळेत जागा नव्हती. सात आठवडे पोरगी घरी, मग दोन बस बदलून एका शाळेत. तेही चाललं. जे अजून सलतं ते वेगळंच आहे. नाताळच्या सुट्टीआधी वर्गाच्या बाईंनी बोलावलं. मुलगी बोलत नाही म्हणाल्या, म्हणून तिला वेगळ्या टेबलावर बसवलंय. त्या टेबलावर मणी मोजत होते. दहापर्यंतचे पाढे तोंडपाठ असलेली माझी मुलगी मणी मोजत होती. आणि बाई म्हणाल्या, घरी इंग्रजीच बोलत जा.

मी हो म्हटलं. दिवसभर मी ज्या कामात होते त्यात कुणी काहीही म्हटलं तरी 'हे कशावरून?' असं विचारायचं असतं. गुडघ्याएवढ्या त्या खुर्चीवर बसून मी ते विचारलं नाही. मला तिथे परकं वाटत होतं, बाई चांगल्या होत्या, आणि मला कृतघ्न दिसायचं नव्हतं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आजपासून मराठी बंद. दीड वर्ष पाळलं. घरची भाषा पक्की असली तर दुसरी शिकायला अडचण होत नाही, उलट मदतच होते, हे वाचनात आलं तोवर उशीर झाला होता. आता ती मोठी झालीये. मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीतच येतं. व्हिडिओ कॉलवर आजीशी 'कशी आहेस', 'जेवलीस का' एवढं होतं, मग दोघी माझ्याकडे बघतात. तुझ्या मुलाशी मराठी बोलणं सोडू नकोस. कुणीही सांगू दे.

एकटेपणाचंही विचारलंयस. येतो. काम असतं, भिशी असते, गणपती असतो, सवय होते. त्यावर जास्त विचार करू नकोस.

आता जे सांगायचं म्हणून बसले ते. अभ्यासातल्या पेशंटना फोन करून आम्ही जे प्रश्न विचारायचो त्यातला एक तक्ता ओलेरुड आणि मोलँडर या स्वीडिश डॉक्टरांनी 1984 मध्ये केलेला. घोट्याच्या फ्रॅक्चरला तो जगभर वापरतात. एकूण 100 गुण. दुखण्याला 25, कामाला 20, जिन्याला 10, असं करत करत उकिडवं बसण्याला 5. मी एकदा एका सत्तरीच्या आजोबांना फोनवर विचारलं, उकिडवं बसता येतं का? ते क्षणभर थांबले आणि अगदी मनापासून म्हणाले, 'कशासाठी?' त्यांना खरंच त्याची गरज नव्हती. त्यांच्या आयुष्यात त्याचे 5 गुणही जास्तच होते. मी रकान्यात 'नाही' लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

2017 च्या जुलैत माझी आई परसातल्या पायरीवर शेवाळावरून घसरली. उजवा घोटा, दोन्ही बाजूंची हाडं. वय 64. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं, मी फोनवर हो म्हटलं. त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात काही नाही. प्लेट चांगली बसली, हाड जुळलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं आणि 'आता चाला' म्हणून सांगितलं, बस. घोटा कुणी हलवून दिला नाही. मी इंग्लंडहून व्यायामाचे व्हिडिओ पाठवायचे. 'करते गं,' म्हणायची. फोनच्या चौकटीत तिचा चेहरा दिसायचा, पाय दिसत नव्हता, आणि दाखव म्हटलं की 'राहू दे, बरा आहे'.

डिसेंबरात घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भोपळा चिरायला विळी काढली. तुला माहीत आहे ना कसं बसतात, उजवा पाय विळीच्या पाटावर रोवून, गुडघा वर. तिची टाच टेकेना. विळी डुगडुगली. तिनं पाय काढून पुन्हा ठेवला, पुन्हा डुगडुगली. मग भिंतीला धरून उठली, विळी कोपऱ्यात उभी केली आणि ओट्याशी जाऊन सुरीनं चिरायला लागली. मी दारात आहे हे तिला माहीत होतं. मागे न बघता म्हणाली, 'सुरीनंपण होतं की.'

दुपारी मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, टाच न उचलता गुडघा भिंतीला लाव म्हटलं, आणि मुलीच्या कंपासमधल्या पट्टीनं अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजलं. घोटा जितका वाकतो तितकं हे अंतर जास्त. डावा पाय 9 सेंटिमीटर, उजवा 2. मग तोच तक्ता तिला विचारला. 100 पैकी 70 आले. तक्त्याप्रमाणे बरी होती. त्या पाच महिन्यांत तिनं पाटावर बसून पूजा केली नव्हती, मोरीत स्टूल आलं होतं, शेजारी हळदीकुंकवाला जाणं सोडलं होतं कारण तिथे खाली बसावं लागतं. हे एकही मला फोनवर कळलं नव्हतं. आणि त्याच पाच महिन्यांत मी तिकडे 41 अनोळखी माणसांना ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी फोन केले होते. एकही चुकवला नव्हता.

मी म्हटलं ना एकटेपणावर जास्त विचार करू नकोस. मला वाटतं ते खोटं आहे. माझ्यासाठी एकटेपणा हा आहे.

तरी जा, असंच सांगेन. तिकडे शिकशील ते इकडे शिकवणारं मला कुणी भेटलं नव्हतं. पण रिकाम्या हातानं जाऊ नकोस. त्या डिसेंबरात सांगलीहून परतताना मी विमानात 14 प्रश्न लिहिले. मांडी घालता येते का. उकिडवं बसून उठताना काही धरावं लागतं का. विळीवर पाय रोवता येतो का. एसटीची पहिली पायरी चढता येते का. ढेकळांच्या रानात चालता येतं का. ओल्या मोरीत अनवाणी भीती वाटते का. संध्याकाळी पैंजण घट्ट होतात का. ठरवलं होतं की दोन वर्षांत परत यायचं, आपल्याकडच्या पेशंटना हे विचारायचं, त्याचा रीतसर तक्ता करायचा. मग घराचा हप्ता आला, मुलीच्या परीक्षा आल्या, बाबा गेले, पुढचा अभ्यास आला. ती फाइल तशीच आहे.

तुला निघायला अजून पाच महिने आहेत म्हणालीस. फाइल पाठवते. हॉस्पिटलातून रीतसर परवानगी घे, घोट्याचे पेशंट तुझ्याकडे येतातच, तीसेक जणांना विचार. कुठला प्रश्न लोकांना कळत नाही, कुठला विचारायला लाज वाटते, ते लिहून ठेव आणि ते घेऊन तिकडे जा. म्हणजे तिकडे तुझा प्रश्न कुठला असं विचारतील तेव्हा तुझ्याकडे तो असेल. माझ्याकडे नव्हता, मी त्यांचाच घेतला.

माझ्या आईपासून सुरू केलंस तर मला बरं वाटेल. सांगली तुला लांब नाही, पत्ता कळवते. चारनंतर घरीच असते. विचारशील तर म्हणेल, सगळं बरं आहे. तिला विळी काढायला सांग.