कीबोर्डचा स्वस्त स्मार्टफोन घेण्याआधी

जुना ब्लॅकबेरी कर्व्ह ८५२० स्वस्तात मिळतो म्हणून घेण्याचा तुमचा विचार असेल, तर आधी कीबोर्डच तपासा, कारण आपण हा फोन त्यासाठीच घेतो. प्रत्येक बटण स्वतंत्रपणे दाबून पाहा. एकदा दाबल्यावर अक्षर दोनदा उमटते का, स्पेसचे बटण दोन्ही टोकांना सारखेच दबते का आणि अंधारात सगळी बटणे उजळतात का, हे विक्रेत्यासमोरच पाहावे. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

खरा प्रश्न नेटवर्कचा आहे. २००९ सालचा हा फोन केवळ टूजीवर चालतो, त्यामुळे जिओचे सिम त्यात निरुपयोगी ठरते. शिवाय ब्लॅकबेरीने ४ जानेवारी २०२२ पासून जुन्या प्रणालींच्या सेवा थांबवल्याने कॉल आणि संदेशांचीही हमी उरलेली नाही. व्हॉट्सॲपचा आधार तर २०१७ अखेरीसच संपला. म्हणून रोजच्या वापरासाठी मी तो मुळीच सुचवणार नाही. टायपिंगची मनापासून आवड असेल, तर थोडे पैसे साठवून फोरजीवर चालणारा ब्लॅकबेरीचाच कीबोर्डवाला फोन, की-टू एलई, शोधा. त्याची अँड्रॉइड आवृत्ती जुनी असली, तरी तो आजही बराच उपयोगी आहे. मात्र त्याच्या बटणांवरून देवनागरी लिहिणे तुम्हाला सोयीचे वाटते का, हे पैसे देण्यापूर्वी स्वतः चार ओळी लिहून पाहा.