लिमिटेड एडिशन चाकूवरचा क्रमांक लहान असला की भाव खरंच वाढतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: व्हिक्टोरिनॉक्सच्या डमास्ट (थरांची नक्षी असलेल्या पोलादी) पात्याच्या, ६००० नगांच्या आवृत्तीतला चार हजारांतल्या क्रमांकाचा चाकू तुमच्याकडे आहे. त्याच आवृत्तीतला ००८८ एक विक्रेता दुप्पट भावाने देतोय. तो घ्यावा का, आणि तुमच्याजवळचा त्यामुळे कमी मोलाचा ठरतो का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे. लहान आकड्याचा मान मुळात तांब्याच्या पत्र्यावरून काढलेल्या छापचित्रांकडून आला. तिथे पत्रा झिजत जातो, म्हणून आधीच्या प्रती खरोखर जास्त स्वच्छ निघतात. चाकूच्या बाबतीत असं काही नसतं. ८८व्या आणि ४२००व्या नगाचं पोलाद, धार, स्प्रिंगचा ताण सगळं सारखंच. शिवाय क्रमांक तयार मालावर लेझरने टाकला असेल, तर बनण्याचा क्रम आणि आकड्यांचा क्रम एकच असेल याचीही खात्री नाही.

आकड्यासाठी जास्तीचे पैसे मिळतात ते मोजक्या ठिकाणी. पहिला क्रमांक, फार तर पहिले दहा. आवृत्तीतला शेवटचा नग. ७७७, १२३४ असले डोळ्यांत भरणारे आकडे. आणि जुळते संच, म्हणजे एका मालिकेतले सगळे चाकू एकाच क्रमांकाचे. यातला संच सोडला तर बाकी सगळा ७८६च्या नोटेसारखा मामला आहे: हवी असणारा माणूस भेटला तर भाव, नाहीतर दर्शनी किंमत. ००८८ ला असा माणूस सापडेलही, पण तो शोधायचं काम तुमच्या गळ्यात पडेल आणि दुप्पट पैसे तुम्ही आधीच मोजलेले असतील. संचाचं मात्र वेगळं आहे. पाच वर्षांचे पाच चाकू एकाच क्रमांकाचे असतील तर एखादा सुटा विकू नका, तुटलेला संच पुन्हा जुळवणं जवळजवळ अशक्य असतं.

क्रमांक ००८८/६००० असा लिहिलेला असतो; त्यात खरं वजन तिरक्या रेघेनंतरच्या आकड्याला, म्हणजे एकूण नगसंख्येला आहे, आणि तेही मागणीच्या तुलनेत. याचा उत्तम नमुना अमेरिकेतल्या नॅशनल नाइफ कलेक्टर्स असोसिएशनचे वार्षिक चाकू. पहिला १९७५ सालचा, किसिंग क्रेन या ब्रँडचा, १२०० नग. सभासद वाढले तशी नगसंख्या वाढली, १९७९ला ती १२,००० झाली. क्रमांक प्रत्येकावर होता. पण घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाने चाकू न वापरता खोक्यासकट कपाटात ठेवला, त्यामुळे आजही बाजारात कोरे नग हवे तेवढे मिळतात. उलट केस या अमेरिकन चाकू कंपनीचे १९४०-६४ या काळातले 'केस एक्सएक्स' शिक्क्याचे साधे चाकू पाहा. त्यांच्यावर क्रमांक नाही, प्रमाणपत्र नाही. लोकांनी ते शेतावर, कारखान्यात वापरून झिजवले, म्हणून न वापरलेला एखादा निघाला की संग्राहक तुटून पडतात. दुर्मीळ ठरवतो तो कारखाना नव्हे, मधली पन्नास वर्षं. क्रमांकाशिवायही विश्वास बसवता येतो: क्रिस रीव्ह या कंपनीच्या सेबेंझा चाकूसोबत तारीख लिहिलेलं 'बर्थ कार्ड' येतं आणि ते हरवलं की खरेदीदार लगेच घासाघीस सुरू करतो.

एक फसगत इथेच सांगतो. पात्यावर '१ ऑफ ५००' असं लिहिलेलं असलं, तर तो पहिला क्रमांक नव्हे. त्याचा अर्थ '५००पैकी एक', आणि ५००ही पात्यांवर अगदी तेच लिहिलेलं असतं. केसच्या अनेक खास आवृत्त्यांवर अशी अक्षरं असतात आणि जाहिरातीत ती सर्रास 'नंबर वन' म्हणून खपवली जातात. खरा वैयक्तिक क्रमांक वेगळा, बहुधा शून्यं लावून लिहिलेला असतो. बेंचमेड कंपनीच्या 'फर्स्ट प्रॉडक्शन' चाकूंचीही गंमत आहे: पहिल्या हजार नगांवर क्रमांक, त्यानंतर तोच चाकू क्रमांकाशिवाय चालू राहतो. तिथे तुम्ही आकड्याचे पैसे देता, चाकू नेहमीचाच असतो. ओपिनेल या फ्रेंच चाकूवरचा ८ किंवा १२ तर नुसतं माप आहे.

घेण्याआधी तपासायचं ते असं. चाकूवरचा, प्रमाणपत्रावरचा आणि खोक्यावर असेल तर तिथलाही क्रमांक एकच हवा. खोकं एकाचं नि चाकू दुसऱ्याचा अशी जोडाजोड सगळ्यात जास्त सापडते, आणि ती दिसली की क्रमांकाचं जास्तीचं मोल शून्य धरा. मग दहापटीचं भिंग घ्या, दागिन्यांच्या दुकानात वापरतात तसलं. क्रमांकाच्या अक्षरांचा रंग, खोली, कडा कंपनीच्या शिक्क्याशी ताडून पाहा. पात्यावरच्या पॉलिशच्या बारीक रेघा अक्षरांच्या खालून गेलेल्या दिसायला हव्यात. रेघा अक्षरांना कापून वरून जात असतील, तर पातं नंतर घासलेलं आहे. क्रमांकाभोवतीच तेवढा चकचकीत पट्टा दिसला तर तिथे आधी दुसरं काही होतं असं समजा.

जुना केस असेल तर साल पडताळायला पात्याच्या बुडाशी असलेले ठिपके आहेत. १९७०ला दहा ठिपके, मग दर वर्षी एक कमी, म्हणजे १९७८ला दोन आणि १९७९ला एक. १९८०पासून विजेच्या आकाराचा 'एस' आणि पुन्हा दहा ठिपके. १९७८च्या स्मारक आवृत्तीवर सहा ठिपके असले तर हात आखडता घ्या. एका ठिपक्याचा फरक मात्र चालतो, कारण पाती आधी ठोकून ठेवलेली असत.

भाव काढताना विक्रेत्याने मागितलेली किंमत बघू नका. ईबेवर 'सोल्ड आयटम्स'ची खूण करा, तीच आवृत्ती, तीच अवस्था, कागदपत्रांसह असलेले सौदे वेगळे काढा आणि त्यांचे क्रमांक शेजारी लिहा. दोन आकडी आणि चार आकडी क्रमांकांच्या किमती एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या, तर त्या आवृत्तीत क्रमांकाला भाव नाही. परदेशातून मागवणार असाल तर कुरिअर आणि कस्टम धरून हिशेब करा. बटण दाबून उघडणारे ऑटोमॅटिक चाकू, मग क्रमांक कितीही देखणा असो, भारतात मागवायच्या भानगडीत पडू नका.

आता तुमच्याजवळचा. त्याची किंमत टिकेल की घटेल हे क्रमांकापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे. धार लावू नका. एकदा दगडावर गेलं की ते 'वापरलेलं' पातं, आणि कोऱ्याचा भाव परत येत नाही. सारखं उघडमिट केलं तरी पात्याच्या बुडाशी झिजेच्या रेघा उमटतात, जाणकार आधी तिथेच बघतो. स्टेनलेसवरचा काळपट लेझर-क्रमांक हा पुष्कळदा ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, त्यामुळे ब्रासो, ऑटोसोलसारखं धातूचं पॉलिश किंवा गंज काढायचं द्रावण लावलं तर क्रमांकच फिका पडतो. डमास्टची नक्षीसुद्धा आम्लाने उठवलेली असते, तीही घासल्याने मंदावते. मऊ कापडावर मिनरल ऑइलचे एक-दोन थेंब घेऊन बोटांचे ठसे पुसा, बस्स.

चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नका. चामड्यातल्या रसायनांमुळे पितळी भागांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि ओल धरून राहते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि पुडी दमट झाली की बदला. प्रमाणपत्र वेगळ्या प्लॅस्टिक पाकिटात सपाट ठेवा, पात्याला लावलेलं तेल कागदावर उतरायला नको.

त्या विक्रेत्याकडे चाकू, प्रमाणपत्र आणि खोकं असे तिन्हींचे क्रमांक एकाच चौकटीत दिसतील असा फोटो मागा. तो आला आणि भाव नेहमीच्या झालेल्या सौद्यांइतका खाली आला, तर ००८८ घ्यायला हरकत नाही.