मेंडेलची पहिली दोन वर्षं

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

पत्र मिळालं. अख्खा रब्बी हंगाम हरभऱ्याचे वाण शुद्ध आहेत की नाहीत एवढंच तपासण्यात गेला, ‘खरं संशोधन’ अजून सुरूच झालं नाही, असं तू लिहितेस. मला हे पटत नाही. ज्याला तू पूर्वतयारी म्हणतेस तेच संशोधन आहे. आनुवंशशास्त्राची सुरुवात तिथूनच झाली आहे.

मेंडेल शाळेत सगळ्यांनाच भेटतो: मठ, बाग, वाटाणे, तीनास एक (संकराच्या दुसऱ्या पिढीत एका रूपाची तीन, तर दुसऱ्या रूपाचं एक). त्यात त्याची पहिली दोन वर्षं मात्र कुणी सांगत नाही. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहराच्या सेंट थॉमस मठातल्या या माणसानं बियाणे विक्रेत्यांकडून वाटाण्याचे ३४ प्रकार मिळवले आणि एकही संकर न करता दोन वर्षं ते नुसते लावून पाहिले. प्रत्येक वाणाची संतती वाणासारखीच निपजते का, एवढाच प्रश्न होता. त्यातले २२ त्यानं पुढच्या कामासाठी ठेवले. संकराचे प्रयोग १८५६ ते १८६३ चालले, पण त्यांचं यश या चाळणीत ठरलेलं होतं. बियाणंच मिश्र असतं, तर पुढचा कुठलाही आकडा वाचता आला नसता.

गुण निवडतानाही तीच शिस्त दिसते. बी गोल की सुरकुतलेलं, आतून पिवळं की हिरवं, झाड उंच की बुटकं, असे सात गुण त्यानं घेतले. जिथे ‘थोडं इकडचं, थोडं तिकडचं’ म्हणावं लागेल ते सोडून दिले. उसळीचा वाळका वाटाणा आणि गोड मटाराचं पेरायचं बी शेजारी ठेवून बघ, पहिला गोल दिसेल, दुसरं सुरकुतलेलं. सुरकुतलेल्या वाणात स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) तयार होत नाही, म्हणून साखर जास्त उरते, बी पाणी जास्त धरतं आणि वाळताना आकसतं. हे कारण १९९० मध्ये उलगडलं. मेंडेलचं त्यावाचून अडलं नाही. त्याला चुकीला वाव न ठेवता मोजता येईल असा फरक हवा होता.

त्याच काळात डार्विननंही स्नॅपड्रॅगन या बागेतल्या फुलझाडाच्या नेहमीच्या आणि वेगळ्या घडणीच्या फुलांचा संकर केला होता. दुसऱ्या पिढीत ८८ झाडं नेहमीसारखी आली, ३७ वेगळी, दोन मधली. त्यातून त्यानं गुणोत्तर काढलं नाही. डार्विनसारख्याला हे दिसलं नाही याचं आश्चर्य करत बसू नकोस. त्याचा प्रश्न वेगळा होता, आणि जो प्रश्न विचारलेला नाही त्याचं उत्तर समोर असूनही दिसत नाही. मेंडेल व्हिएन्नात भौतिकशास्त्र आणि संयोगांचं गणित शिकून आला होता. संततीत किती प्रकार येतात आणि कोणत्या प्रमाणात येतात, हे विचारायची सवय त्याला तिथं लागली असावी असं मला वाटतं.

आता तुझ्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो. ‘एकेका झाडाचे आकडे फार वेडेवाकडे येतात, सरासरीच लिहू का?’ नाही. मेंडेलचा १८६६ चा निबंध उघड. एकूण ७३२४ बियांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेल्या, हे सगळे उद्धृत करतात. त्याच पानांवर त्यानं हेही छापलंय की एका झाडाला ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेल्या बिया आल्या, आणि दुसऱ्याला १४ व १५. शेंगेच्या रंगाच्या प्रयोगात, तिसऱ्या पिढीत, शंभर झाडांपैकी ६० मिश्र (दोन्ही रंगांची संतती देणारी) आणि ४० शुद्ध (एकाच रंगाची देणारी) निघाली. अपेक्षा दोनास एक अशी होती. हा फरक त्याला खटकला, त्यानं प्रयोग पुन्हा केला आणि ६५:३५ मिळाले. त्यानं दोन्ही निकाल दिले.

म्हणूनच १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरला त्याच्या आकड्यांची झडती घेता आली. फिशरचा मुद्दा तुझ्या उपयोगाचा आहे. काही गुणांसाठी मेंडेल प्रत्येक झाडाच्या १० बिया लावून ते शुद्ध की मिश्र हे ठरवत होता. पण मिश्र झाडाच्या दहाही बिया योगायोगानं एकाच तऱ्हेच्या निघू शकतात. शंभरात पाच-सहा वेळा हे घडणारच. म्हणजे काही मिश्र झाडं शुद्धात मोजली जायला हवीत आणि प्रमाण दोनास एकपेक्षा कमी यायला हवं. मेंडेलची बेरीज आहे ३९९ मिश्र आणि २०१ शुद्ध, म्हणजे जवळजवळ नेमकी दोनास एक. आकडे जरा जास्तच नेटके का, यावर वाद अजून मिटलेला नाही. पण छापल्यानंतर सत्तर वर्षांनी कुणी परका माणूस इतक्या बारकाईनं तपासू शकला, याचं श्रेय मी मेंडेललाच देतो. तुझ्या हरभऱ्यातही दहा बिया पुरतील का, हे आधी कागदावर करून बघ. मला तरी पुरतील असं वाटत नाही.

एक सावधगिरीही सांगतो. वाटाण्यानंतर मेंडेल हॉकवीड नावाच्या रानफुलाकडे वळला. म्युनिकच्या नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला त्या वाटेला ढकललं असं पुष्कळ जण लिहितात, पण नेगेलीला लिहिलेल्या पहिल्याच पत्रात मेंडेलचा स्वतःचाच तो बेत दिसतो. हॉकवीडमध्ये बऱ्याचदा फलनाशिवायच बी धरतं, त्यामुळे संतती आईचीच नक्कल निघते. हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. माणूस तोच, काळजी तीच, तरी वाटाण्याचे नियम तिथे उमटेनात. तेव्हा नवं पीक हाती घेण्याआधी ते बी कसं धरतं हे मुळापासून समजून घे. तुझ्या मार्गदर्शकांनी किंवा मी सुचवलेलं पीक असलं तरी.

१९०० मध्ये द व्रीस, कॉरेन्स आणि चेर्माक या वनस्पतिशास्त्रज्ञांमुळे मेंडेलचं काम पुन्हा पुढे आलं. पुढची कथा तुला माझ्यापेक्षा चांगली येते.

उन्हाळ्यात येशील तेव्हा आलेख आणू नकोस. मूळ वही आण, झाडागणिक एक ओळ असलेली, आणि ज्या ओळींवर तू काट मारली आहेस त्या वाचता येतील अशा ठेव. आपण त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

तुझा,
सर