एल-१ मणक्याच्या बर्स्ट फ्रॅक्चरवर (मणका दाबाने फुटून त्याचे तुकडे होणे) शस्त्रक्रिया केल्यास पंधरा-वीस वर्षांनी पाठीची स्थिती कशी असते?

हा प्रश्न चौदा वर्षांपूर्वी मला विचारायचा होता. तो माझ्या थोरल्या बंधूंनी विचारू दिला नाही. शिडीवरून पडून कमरेचा पहिला मणका फुटला आणि हाडाचा एक तुकडा मागे सरकून कण्याच्या नलिकेत आलेला सीटी स्कॅनमध्ये दिसत होता. मात्र दोन्ही पायांत पूर्ण ताकद होती, बधिरपणा नव्हता आणि लघवीवरील नियंत्रणही शाबूत होते. पहिल्या डॉक्टरांनी पट्टा बांधून चालते करू असे सांगितले. ‘फुटलेले हाड पट्ट्याने जुळते होय?’ असे म्हणत दादांनी मला दुसऱ्या डॉक्टरांकडे हलवले आणि तिसऱ्या दिवशी माझ्या पाठीत चार स्क्रू व दोन रॉड होते.

शस्त्रक्रिया उत्तम झाली, हे मी नाकारत नाही. मोडलेल्या जागी कण्याला पुढे आलेला बावीस अंशांचा बाक सहा अंशांवर आला आणि तो एक्स-रे दादांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. दीड वर्षाने स्क्रू काढले आणि पुढील दोन वर्षांत बाक सतरा अंशांवर परतला. हाड जुळले होते. खचली ती त्याच्या वरची, दोन मणक्यांमधली गादी (डिस्क), आणि सरळ केलेला बाक पुष्कळदा याच वाटेने परततो. ज्या तुकड्याच्या धास्तीने हे सारे केले, तसा तुकडा शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांतही शरीर कालांतराने बऱ्याच अंशी शोषून घेते. आज तासभर बसलो की पाठ दुखते, परंतु त्याचा दोष मी त्या सतरा अंशांना देत नाही, कारण बाकाचे अंश आणि वेदना यांचा संबंध फार सैल असतो.

वुड हे अमेरिकी शल्यचिकित्सक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जातंतूंना इजा नसलेल्या, स्थिर बर्स्ट फ्रॅक्चरच्या 47 रुग्णांची शस्त्रक्रिया व पट्टा-प्लास्टर अशी तुलना 2003 साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी जे भेटले त्यांची 16 ते 22 वर्षांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा शस्त्रक्रिया न झालेल्यांना वेदना कमी होत्या आणि त्यांना रोजची कामेही अधिक सहज जमत होती. त्यामुळे पाय शाबूत असताना केवळ एक्स-रे सरळ दिसावा म्हणून पाठ उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात पायांतील ताकद गेली असेल, लघवी अडली असेल किंवा मणक्यामागील अस्थिबंध (हाडांना एकत्र बांधून ठेवणारे पट्टे) फाटले असतील, तर माझे वरील सारे बाजूला ठेवा. तेथे शस्त्रक्रियाच हवी. वुड यांचा अभ्यास लहान आहे आणि 2006 सालच्या एका डच अभ्यासाचा कौल शस्त्रक्रियेच्या बाजूने होता, हेही सांगितले पाहिजे. दादांना मी तो सांगितलेला नाही. ते अजूनही म्हणतात, ‘पाय चालतात ना तुझे?’ पाय तर स्कॅनच्या टेबलावरही चालत होते.